सेम्पल स्टेडियम, थर्लस: गावकऱ्यांच्या भागभांडवलातून उभे राहिलेले मैदान

आयर्लंडमध्ये आलेल्या पाहुण्यांना गेलिक खेळांचे, म्हणजे इथल्या देशी खेळांचे, स्टेडियम दाखवायचे ठरले, की इथली बहुतेक मराठी कुटुंबे त्यांना डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये नेतात, आणि त्यात वावगे काहीच नाही. 82,300 प्रेक्षकांना सामावणारे ते स्टेडियम भव्य आहे, तिथले संग्रहालय उत्तम आहे आणि शहराच्या मध्यापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तरीही, हे खेळ इथल्या माणसांच्या रोजच्या आयुष्यात किती खोलवर रुजले आहेत हे समजून घ्यायचे असेल, तर टिपरेरी काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रदेश) थर्लस या लहानशा गावी जावे आणि तिथल्या सेम्पल स्टेडियममध्ये हर्लिंग या काठी-चेंडूच्या खेळाचा एखादा सामना पाहावा, असे माझे ठाम मत आहे. हे परीक्षण त्या मताच्या समर्थनार्थ लिहिले आहे, आणि म्हणून त्यात आसने, छप्पर आणि तिकिटे यांच्यापेक्षा या मैदानाचे गावाशी असलेले नाते अधिक जागा घेईल.

थर्लसची लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास आहे आणि सेम्पल स्टेडियमची क्षमता 45,690 आहे. गावातील प्रत्येक माणूस, अगदी पाळण्यातल्या बाळासकट, आत जाऊन बसला तरी स्टेडियमचा पाचवा भागसुद्धा भरणार नाही. क्षमतेच्या बाबतीत गेलिक खेळांच्या स्टेडियममध्ये क्रोक पार्कनंतर याचाच क्रमांक लागतो. एवढ्या लहान गावात एवढे मोठे स्टेडियम का, हा प्रश्न प्रथम जाणाऱ्या कोणालाही पडेल, आणि त्याचे उत्तर गावाच्या मुख्य चौकातच मिळते.

लिबर्टी स्क्वेअर या चौकातील हेज हॉटेलमध्ये 1 नोव्हेंबर 1884 रोजी मायकल क्यूसॅक आणि मॉरिस डॅव्हिन यांच्या पुढाकाराने मोजक्या लोकांची एक बैठक झाली आणि तीतून गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘जीएए’, जन्माला आली. त्या काळी आयर्लंडवर ब्रिटिशांची सत्ता होती, दुष्काळ आणि स्थलांतर यांनी ग्रामीण भाग खचला होता, आणि हर्लिंगसारखे जुने देशी खेळ अनेक भागांतून नाहीसे होण्याच्या मार्गावर होते. कॅशेलचे आर्चबिशप टॉमस क्रोक यांनी या संस्थेचे आश्रयदातेपद स्वीकारले. डब्लिनच्या क्रोक पार्कला ज्यांचे नाव दिले आहे तेच हे धर्मगुरू, आणि त्यांची समाधी थर्लसच्याच कॅथेड्रलमध्ये आहे. पुढे 1974 मध्ये महिलांच्या गेलिक फुटबॉलची (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायच्या आयरिश फुटबॉलची) स्वतंत्र संघटना स्थापन झाली, तीही याच हॉटेलमध्ये. त्यामुळे सामन्याच्या दिवशी या चौकातून स्टेडियमकडे चालत जाणारी गर्दी एका अर्थाने या संस्थेच्या उगमापासूनच निघते.

माझ्या दृष्टीने या मैदानाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट 1910 सालची आहे. गावातील कृषी प्रदर्शनाची जागा त्या वर्षी विक्रीस निघाली. कॅनन एम. के. रायन या धर्मगुरूंच्या आग्रहावरून खेळप्रेमी मंडळींनी ती 900 पौंडांना विकत घेतली, आणि ही रक्कम उभी करण्यासाठी भाग काढण्यात आले. ते भाग गावकऱ्यांनीच घेतले. 1956 मध्ये मैदान जीएएच्या ताब्यात देण्यात आले, तोपर्यंत म्हणजे जवळजवळ अर्धशतक ते या भागधारकांच्या मालकीचे होते. ज्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून साखर कारखाने आणि दूध संघ उभे केले, तिथल्या वाचकाला या व्यवहाराचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कोणा धनिकाने देणगी दिली नाही, सरकारने भूखंड दिला नाही, कोणी कंपनी आली नाही. ज्यांना खेळायचे होते आणि ज्यांना खेळ पाहायचा होता त्यांनी आपापल्या खिशातून पैसे काढले. स्टेडियमच्या आजच्या कारभारावर आणि लोकांच्या त्याच्याशी असलेल्या वागणुकीवर या घटनेची छाप अजूनही आहे असे मला वाटते, कारण तिथे येणारा माणूस पाहुण्यासारखा वागत नाही, घरच्यासारखा वागतो.

ज्यांचे नाव 1971 मध्ये या मैदानाला देण्यात आले ते टॉम सेम्पलही असेच गावातले. ते थर्लसमध्ये रेल्वेत नोकरीला होते आणि ‘थर्लस ब्लूज’ या संघाचे कर्णधार होते. 1900, 1906 आणि 1908 या वर्षांत त्यांनी अखिल आयर्लंड विजेतेपदाची पदके मिळवली, त्यांतील शेवटची दोन कर्णधार म्हणून, आणि मैदान विकत घेण्याच्या खटपटीतही त्यांचा मोठा वाटा होता. रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचे नाव गेलिक खेळांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्टेडियमला असावे, याचा गावाला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. अलीकडे एका विमा कंपनीचे नाव प्रायोजक म्हणून त्याच्या आधी जोडले गेले आहे. देखभालीचा खर्च पाहता त्यामागची गरज समजते, परंतु बोलताना कोणीही ते नाव घेत नाही, आणि सेम्पल यांचे नाव काढले गेले नाही हीच त्यातली समाधानाची बाब.

बांधकामाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1968 मध्ये आर्चबिशप किनान यांच्या नावाचा स्टँड पूर्ण झाला. त्याच्या समोरचा, कॅनन रायन यांच्या नावाचा स्टँड आणि गावाकडच्या बाजूचे टेरेस, म्हणजे उभे राहून सामना पाहण्याच्या पायऱ्या, 1981 मध्ये तयार झाले. जीएएच्या शताब्दीनिमित्त 1984 चा अखिल आयर्लंड हर्लिंग अंतिम सामना क्रोक पार्कऐवजी थर्लसला खेळवला जाणार होता, आणि 1981 ची कामे त्या एका दिवसावर नजर ठेवून केलेली होती. त्या सामन्यात कॉर्क काउंटीने ऑफली काउंटीचा 3-16 विरुद्ध 1-12 असा पराभव केला (गुण लिहिण्याची ही रीत पुढे सांगतो). यजमान टिपरेरीचा संघ आपल्याच अंगणातल्या या सोहळ्याला पोहोचू शकला नाही, ही सल जुने लोक अजून बोलून दाखवतात.

सोहळा झाला आणि मागे कर्ज उरले. हा काळ थर्लससाठी कठीण होता. आयर्लंडच्या बीट साखर उद्योगातील चार कारखान्यांपैकी एक थर्लसला होता. 1934 पासून चाललेला हा कारखाना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडला, आणि गावाचा तसेच आसपासच्या बीट उत्पादक शेतकऱ्यांचा मोठा आधार गेला. अशा वेळी स्टेडियमचे कर्ज फेडण्यासाठी जो मार्ग निवडला गेला तो धाडसी होता. 1990 च्या ऑगस्टमध्ये या मैदानावर ‘फेले’ नावाचा तीन दिवसांचा रॉक संगीत महोत्सव भरवण्यात आला, आणि देशभरातील तरुण तंबू आणि पाठपिशव्या घेऊन थर्लसला लोटले. 1994 पर्यंत हा महोत्सव दर वर्षी इथेच होत असे. ज्या संस्थेची ओळख देशी खेळ, पॅरिश (एका चर्चभोवतीची वस्ती) आणि धर्मगुरू अशी होती, तिने आपले पवित्र मानलेले हिरवे मैदान गिटार आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतींसाठी खुले करावे, हे सर्वांना रुचले नसणार. परंतु कर्ज फिटले, गावाच्या दुकानांत आणि खाणावळींत पैसा आला, आणि आज पन्नाशीत असलेल्या आयरिश माणसाला थर्लस म्हटले की हर्लिंगइतकाच तो महोत्सव आठवतो. ज्यांची मालमत्ता होती त्यांनीच ती वाचवण्यासाठी हा निर्णय घेतला, म्हणून तो मला योग्य वाटतो.

आता प्रत्यक्ष स्टेडियमविषयी. दोन्ही लांब बाजूंना स्टँड आहेत, एका बाजूला किनान आणि दुसऱ्या बाजूला रायन. दोन्ही टोकांना उभे राहून सामना पाहण्याची टेरेस आहेत. गावाकडच्या टोकाला टाउन एंड म्हणतात आणि पलीकडच्या टोकाला किलिनन एंड. टेरेसवर छप्पर नाही, त्यामुळे पावसात भिजण्याची तयारी ठेवावी लागते, आणि आयर्लंडच्या उन्हाळ्याचा अनुभव असलेल्यांना ती कशी ठेवावी हे सांगायला नको. वृद्ध आई-वडील सोबत असतील तर स्टँडचेच तिकीट घ्यावे. तरुणांनी मात्र एकदा तरी किलिनन एंडला उभे राहून सामना पाहावा, कारण टिपरेरीच्या निळ्या-सोनेरी रंगांची गर्दी तिथे दाटते आणि गोल झाला की त्या पायऱ्यांवरून जी लाट उसळते तिचा अनुभव आसनावर बसून येत नाही.

मैदानाची हिरवळ हा इथला खरा दागिना आहे. हर्लिंगचे मैदान नियमानुसार 145 मीटरपर्यंत लांब आणि 90 मीटरपर्यंत रुंद असू शकते, म्हणजे फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरेच मोठे. एवढ्या विस्तारावर सपाट, घट्ट आणि वेगवान हिरवळ राखणे सोपे काम नाही, आणि थर्लसची हिरवळ ही हर्लिंगसाठी देशातील सर्वोत्तम, असे खेळाडू पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. नवख्यांसाठी खेळाची जुजबी ओळख देतो. प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात आणि काउंटींचा वरिष्ठ सामना सत्तर मिनिटांचा असतो. हातात ॲश वृक्षाच्या लाकडाची, टोकाला चपटी आणि रुंद अशी काठी असते, तिला हर्ली म्हणतात. आत बुचाचा गाभा आणि वर चामडे असलेला लहान चेंडू जमिनीवरून, हवेतून, कसाही मारता येतो, हातात झेलता येतो आणि हर्लीच्या टोकावर तोलून पळताही येते. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचे असतात. आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. गुणफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहितात, म्हणून 3-16 याचा अर्थ पंचवीस गुण असा होतो. 2010 पासून शिरस्त्राण सक्तीचे आहे, आणि हे सांगितल्यावर बरोबर असलेल्या आईचा जीव थोडा भांड्यात पडतो. युनेस्कोने 2018 मध्ये हर्लिंगचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

हा खेळ जवळून कसा दिसतो हे सांगण्यासाठी मन्स्टर या दक्षिणेकडील प्रांताच्या 2022 च्या अंतिम सामन्यातील एक क्षण पुरेसा आहे. लिमरिक आणि क्लेअर या काउंटींमधला हा सामना याच मैदानावर झाला. निर्धारित वेळ संपत आली होती, क्लेअर एका गुणाने मागे होते, आणि त्यांना बाजूच्या रेषेवरून चेंडू मारण्याची संधी मिळाली. नियम असा, की असा चेंडू हातात उचलायचा नाही, तो जमिनीवर गवतात ठेवूनच मारायचा. टोनी केली याने चेंडू ठेवला, हर्लीचा फटका त्याच्या तळाशी तिरका बसवला, आणि चेंडू रेषेवरून वळत वर चढत दांडीच्या वरून खांबांच्या मधून गेला. बरोबरी झाली, सामना वाढीव वेळेत गेला आणि शेवटी लिमरिकने तो 1-29 विरुद्ध 0-29 असा जिंकला. ज्या अंतरावरून आणि ज्या कोनातून तो फटका बसला तिथे नंतर उभे राहून पाहिले, की खांबांमधली फट बोटभर वाटते. हरलेल्या संघाच्या खेळाडूच्या फटक्यासाठी तो सामना आजही ओळखला जातो, आणि असे फटके जमिनीच्या ज्या समपातळीवर अवलंबून असतात ती राखणाऱ्यांचेही त्यात श्रेय आहे.

हे सारे खेळाडू हौशी आहेत, ही गोष्ट भारतातून आलेल्या माणसाला पटायला वेळ लागतो. चाळीस हजार लोकांसमोर खेळणारा हा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत शिकवायला जातो, गाईंच्या धारा काढतो, बँकेत बसतो किंवा सुतारकाम करतो. त्याला खेळण्याचे मानधन मिळत नाही, लिलावात त्याची बोली लागत नाही, आणि तो सहसा आपल्या जन्मगावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडूनच खेळतो. त्यामुळे मैदानावरचा प्रत्येक खेळाडू प्रेक्षकांपैकी कोणाचा तरी भाचा, शेजारी, जुना विद्यार्थी किंवा गावातला प्लंबर असतो. प्रवेशद्वारांवर आणि जिन्यांवर ‘माओर’ असे लिहिलेली जाकिटे घालून व्यवस्था पाहणारे स्त्री-पुरुषही आसपासच्या क्लबांचे स्वयंसेवक असतात. प्रतिस्पर्धी संघांच्या पाठीराख्यांना वेगवेगळ्या कठड्यांत कोंडण्याची पद्धत इथे नाही. कॉर्कचा लाल सदरा घातलेले आजोबा आणि टिपरेरीची टोपी घातलेली नात शेजारी-शेजारी बसतात, सत्तर मिनिटे एकमेकांच्या संघावर तुटून पडतात आणि मध्यंतरात एकाच थर्मासमधला चहा पितात. युरोपातील फुटबॉलच्या सामन्यांना गेलेल्यांना हा फरक विशेष जाणवेल. मध्यंतरात प्राथमिक शाळांच्या मुला-मुलींचे छोटे सामने होतात. दहा-अकरा वर्षांची ती मुले ज्या गांभीर्याने खेळतात आणि त्यांच्या एखाद्या गुणाला सारे स्टेडियम ज्या प्रामाणिकपणे टाळ्या देते, ते पाहण्यासाठी मध्यंतरात चहाच्या रांगेत न जाता जागेवरच बसावे, अशी माझी विनंती आहे.

मोठ्या सामन्यांविषयी सर्वत्र लिहिले जाते. मला मात्र काउंटीच्या अंतर्गत स्पर्धेविषयी थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण स्टेडियम आणि गाव यांचे नाते तिथे अधिक स्पष्ट दिसते. 2022 पासून वर्षाचे दोन भाग केलेले आहेत. जुलैपर्यंत काउंटींचे सामने होतात आणि त्यानंतर तेच खेळाडू आपापल्या क्लबकडे परततात. क्लब म्हणजे बहुधा एक पॅरिश, म्हणजे एक चर्च, एक-दोन शाळा, एक दुकान आणि काही शेकडो घरे. टिपरेरीतील अशा क्लबांचा अंतिम सामना शरद ऋतूत सेम्पल स्टेडियममध्ये होतो. थर्लसजवळचा लॉकमोर-कॅसलायनी हा असाच एक ग्रामीण क्लब आहे. त्याने 2013 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल ही दोन्ही काउंटी विजेतेपदे एकाच वर्षी जिंकली, आणि दोन्ही संघांत बव्हंशी तीच मुले होती, कारण त्या पॅरिशमध्ये दोन वेगळे संघ उभे करण्याइतकी मुलेच नाहीत. एका आठवड्यात हर्ली, पुढच्या आठवड्यात फुटबॉल, असे महिनोन् महिने खेळत त्यांनी हे साधले. अशा सामन्याला स्टेडियम भरत नाही, स्टँडचे मोठे भाग रिकामे असतात, पण त्या दिवशी ते पॅरिश अक्षरशः रिकामे झालेले असते. ज्या हिरवळीवर देशातील नामवंत खेळले तिथेच आपल्या शाळेतला मुलगा खेळतो आहे, हे पाहण्याचा हक्क तिथल्या लोकांना आहे, आणि तो हक्क कोणी परकी कंपनी त्यांना भाड्याने देत नाही.

या नात्यातली दुःखेही याच मैदानाने पाहिली आहेत. 5 ऑगस्ट 2022 रोजी टिपरेरीचा हर्लिंगपटू डिलन क्वर्क आपल्या क्लोनौल्टी-रॉसमोर क्लबकडून इथे सामना खेळत असताना मैदानावर कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. तो अवघा 24 वर्षांचा होता. त्यानंतर त्याच्या कुटुंबाने त्याच्या नावाने एक प्रतिष्ठान स्थापन केले. तरुण खेळाडूंची हृदयतपासणी व्हावी यासाठी ते काम करते आणि त्याला आयर्लंडभरातील क्लबांनी साथ दिली. दुःखाला इतक्या लवकर कामाचे रूप देता आले, कारण प्रत्येक पॅरिशमध्ये एकमेकांना ओळखणाऱ्या, निधी जमवण्याची सवय असलेल्या माणसांचे जाळे आधीपासूनच होते. स्टेडियम हे त्या जाळ्याचे फक्त सर्वांत मोठे आणि सर्वांना दिसणारे ठिकाण आहे.

आनंदाचा दिवसही फार जुना नाही. 20 जुलै 2025 रोजी टिपरेरीने क्रोक पार्कमध्ये कॉर्कचा 3-27 विरुद्ध 1-18 असा पराभव करून आपले एकोणतिसावे अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले. मध्यंतराला सहा गुणांनी मागे असलेल्या या संघाने उत्तरार्धात कॉर्कला केवळ दोन गुण मिळू दिले. दुसऱ्या दिवशी चषक घेऊन संघ परतला तो थेट सेम्पल स्टेडियममध्ये, आणि स्वागताला हजारो लोक जमले. राजधानीत जिंकलेला चषक गावच्या मैदानावर आणल्याशिवाय विजय पूर्ण झाला असे कोणी मानत नाही.

उणिवांविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. टेरेसवर छप्पर नसल्याचा उल्लेख वर केलाच आहे. जुन्या किनान स्टँडची रचना अर्धशतकापूर्वीच्या गरजांनुसार झालेली आहे, आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षक, लहान बाळे असलेले पालक आणि वृद्ध यांचा विचार करणारी आधुनिक सोय तिथे अधिक व्हायला हवी. तिकिटे आता मुख्यतः ऑनलाइन आणि आगाऊ घ्यावी लागतात. दाराशी रोख पैसे देऊन आत शिरणाऱ्या जुन्या पिढीला हा बदल जड गेला आहे, आणि ज्या वर्गाने हे मैदान उभे केले त्याच्याच वाटेत असा अडथळा येऊ नये असे मला मनापासून वाटते. कमोगी, म्हणजे महिलांचे हर्लिंग, आणि महिलांचे गेलिक फुटबॉल यांच्या संघटना अजून जीएएपासून वेगळ्या आहेत. 2027 पर्यंत तिन्ही संघटना एकत्र आणण्याचे ठरले आहे. ज्या गावात महिलांच्या फुटबॉल संघटनेचा जन्म झाला तिथल्या मुख्य मैदानावर मुलींच्या सामन्यांना मुलांइतकेच मानाचे दिवस आणि वेळा मिळतात की नाही, यावरून त्या एकीकरणाची पारख होईल.

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या राहत्या भागातील जीएए क्लब शनिवारी सकाळी लहान मुलांना हर्ली धरायला आणि चेंडू झेलायला शिकवतात. तिथे आडनाव विचारले जात नाही, पालकांना मात्र हळूच मैदानाच्या कडेला उभे करून कामाला लावले जाते, आणि शेजाऱ्यांशी ओळख होण्याचा याहून चांगला मार्ग मला या देशात सापडलेला नाही. क्लबमध्ये जाणाऱ्या मुलाला थर्लसचा सामना दाखवला, की आपल्या शनिवारच्या खेळाचा पुढचा टप्पा त्याला डोळ्यांनी दिसतो. ज्यांना मुले नाहीत किंवा ज्यांचा मुक्काम थोड्या दिवसांचा आहे त्यांनीही जावे, परंतु नियम न समजण्याची भीती बाळगू नये. शेजारी बसलेल्या माणसाला एक प्रश्न विचारला की पुढची सत्तर मिनिटे समालोचन फुकट मिळते, आणि त्यासोबत बरेचदा सँडविचही.

जाण्याची सोय चांगली आहे. डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून कॉर्ककडे जाणाऱ्या गाड्या थर्लसला थांबतात आणि प्रवास सव्वा ते दीड तासाचा आहे. स्थानकापासून मैदानापर्यंत पायी जाता येते. मोठ्या सामन्याच्या दिवशी गाडीने जाणाऱ्यांनी दोन तास आधी पोहोचावे आणि गावाबाहेर जागा मिळेल तिथे गाडी लावून चालत यावे, कारण आठ हजारांच्या गावाचे रस्ते चाळीस हजारांसाठी बांधलेले नाहीत. लवकर पोहोचल्यास चौकातून फेरी मारावी, हेज हॉटेल पाहावे, आणि सुअर नदीवरचा पूल ओलांडून आर्चबिशप क्रोक यांच्या कॅथेड्रलमध्ये जाऊन यावे.

मन्स्टरचे सामने एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत होतात. टिपरेरी विरुद्ध कॉर्क किंवा लिमरिक अशी लढत असेल तर तिकिटे झपाट्याने संपतात, तेव्हा विक्री सुरू होताच ती घ्यावीत. लहान मुलांचे तिकीट नाममात्र दराचे असते. गर्दीची धास्ती असेल तर काउंटीच्या क्लब स्पर्धेचा उपांत्य किंवा अंतिम सामना निवडावा. तिकीट स्वस्त असते, रायन स्टँडमध्ये हवी ती जागा मिळते, हर्लीवर हर्ली आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि प्रशिक्षकांच्या आरोळ्याही. माझी शिफारस विचाराल तर आधी असा सामना पाहावा, आणि पुढच्या उन्हाळ्यात किलिनन एंडचे तिकीट काढावे.